आडोसा हवा, अडसर नको



काही दिवसांपूर्वी, रविवारची दुसरी मिस्सा संपल्यावर, आपल्या धर्मग्रामातील एक जोडपे आम्हांला भेटायला ऑफिसात आले. त्यांचा प्रश्न बागेतल्या झाडाचा होता. पण बोलता बोलता तो प्रश्न इतका खोल गेला, की त्यावर चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटले. त्यांनी तशी परवानगी दिली आहे. नावे मात्र आम्ही घेत नाही.

त्यांचे घर जुने, कौलारू. पुढे अंगण, अंगणात आंब्याखाली सिमेंटचा बाक. दहावीला बसणारी मुलगी त्या बाकावर अभ्यास करायची आणि दिवेलागणीला आजी तिथेच रोझरी म्हणायची. अंगणाच्या पश्चिमेला शेजारच्या काकींचे बैठे घर आणि छोटी वाडी. त्यापलीकडे पूर्वी केळीची बाग होती. ती विकली गेली आणि गेल्या वर्षी तिथे चार मजली इमारत उभी राहिली. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून हे अंगण तळहातावर ठेवल्यासारखे दिसते.

तिथे राहायला आलेली माणसे वाईट आहेत असे नव्हे. कर्ज काढून घर घेतलेली, पहाटेची लोकल पकडणारी ती साधी माणसे आहेत. खिडकी आहे म्हणून ती बाहेर पाहतात. पण मुलीने बाकावर बसणे सोडले, आणि आजी आता दाराआड बसून रोझरी म्हणते. जोडप्यापुढे दोन उपाय होते. एक, कुंपणाला लागून आठ फूट उंचीचे हिरवे पत्रे ठोकायचे. दुसरा, नर्सरीवाल्याने सुचवलेला: कोनोकार्पसची रांग लावायची, म्हणजे दोन वर्षांत हिरवी भिंत तयार होते. "फादर, तुम्हांला झाडांची आवड आहे, तुम्हीच सांगा," असे ते म्हणाले.

निघताना बाई दारात थांबल्या. "फादर, पत्रे लावले तर काकींना वाईट वाटेल. पण मुलीचंही बघवत नाही. शेजाऱ्यांच्या नजरेपासून लपावंसं वाटणं हे चूक आहे का हो?"

झाडाआधी या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

आपल्या जुन्या वाड्यांत सगळे उघडे होते. विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली, कुणाच्या घरी काय शिजते ते शेजारी वासावरून सांगत. त्यामुळे आडोसा मागणाऱ्या माणसाकडे आपण थोडे संशयाने पाहतो. "लपवण्यासारखं काय आहे?" असे लगेच विचारतो. पण लपवणे आणि आडोसा घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लपवणाऱ्याला आपले कृत्य उघडे पडण्याची भीती असते. आडोसा घेणाऱ्याने काहीच वावगे केलेले नसते. त्याला फक्त काही वेळ कुणाच्या नजरेचा विषय व्हायचे नसते. केस विंचरणारी मुलगी, डोळे मिटून मणी ओढणारी आजी, दुःखाच्या दिवशी अंगणात गुपचूप बसलेला माणूस, यांनी कोणता गुन्हा केला आहे? आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्याच्या कितीतरी आधी प्रभूने आपल्या शिष्यांना शिकवले होते, की प्रार्थना रस्त्याच्या कोपऱ्यावर दाखवण्यासाठी नसते. ती दार लावून एकांतात करायची असते. आत्म्यालाही दार लागते. तेव्हा बाईंच्या प्रश्नाचे आमचे पहिले उत्तर असे: आडोसा मागणे चूक नाही.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवर याने १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात साळिंदरांची एक गोष्ट सांगितली आहे. थंडीने कुडकुडणारी साळिंदरे उबेसाठी एकमेकांजवळ येतात, तेव्हा एकमेकांचे काटे टोचतात. दूर जातात, तेव्हा गारठतात. असे जवळ-दूर करता करता त्यांना सोसवेल इतके अंतर सापडते. सेमिनरीत ही गोष्ट प्रथम ऐकली तेव्हा आम्हांला ती फार कोरडी वाटली होती. आता इतक्या वर्षांच्या धर्मग्रामसेवेनंतर वाटते, की तिच्यात अर्धे सत्य नक्की आहे. शेजाऱ्यावर प्रेम करायचे तर त्याच्यापासून थोडे अंतरही लागते. ज्यांच्यात काडीचेही अंतर उरले नाही अशी भावाभावांची घरे आम्ही भांडताना पाहिली आहेत. पण गोष्टीतले उरलेले अर्धे सत्य शोपेनहॉवरने सांगितले नाही: ते अंतर आपण कशाने भरतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. मधली जागा पत्र्यानेही भरता येते आणि पानांनीही.

इथे आम्हांला आमची स्वतःची एक चूक कबूल करायला हवी.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथल्या धर्मगुरुनिवासाच्या एका बाजूला अडुळसा आणि निर्गुडीची जुनी वई होती, कमरेइतकी. पलीकडे एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. सकाळी आम्ही व्हरांड्यात प्रार्थना म्हणत असू तेव्हा ते विहिरीवर तोंड धुता धुता हात वर करत, आणि मग दोन शब्द बोलणे भाग पडे. आम्हांला शांतता हवी होती. आम्ही वई तोडली आणि पत्रे ठोकून घेतले. एका दिवसाचे काम. छान एकांत मिळाला.

दोन महिन्यांनी, ऐन श्रावणात, ते गृहस्थ विहिरीच्या ओल्या पायरीवर घसरून पडले. सकाळी पडले आणि दुपारी कुणीतरी कामासाठी आले तेव्हा सापडले. मधले पाच-सहा तास आम्ही त्यांच्यापासून पन्नास पावलांवर होतो, आणि पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता. ते वाचले. हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "फादर, तुमच्या व्हरांड्यातला दिवा दिसेनासा झाला, म्हणून वाटलं तुम्ही गावाला गेलात." त्या दिवसापासून पत्र्याचे कुंपण पाहिले, की आम्हांला ते वाक्य ऐकू येते.

तेव्हा त्या जोडप्याला उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्यांच्या अंगणात जाऊन बाकावर बसलो. बसल्यावर एक साधी गोष्ट लक्षात आली. बाकापासून कुंपण वीस फुटांवर आहे. तिथे आठ फुटी पत्रा उभा केला, तरी चौथ्या मजल्यावरची नजर त्याच्यावरून थेट बाकावर येते. ती नजर कुंपणावर अडवायची तर सतरा-अठरा फूट उंच भिंत बांधावी लागेल. मग पत्रा नेमके कुणाला अडवणार होता? फक्त काकींना. ज्यांच्या नजरेचा त्रास होता त्यांना पत्रा अडवत नव्हता, आणि ज्या काकींनी त्या मुलीला कडेवर खेळवले त्यांच्या तोंडावर मात्र तो बंद होणार होता.

बंधुभगिनींनो, आपले पुष्कळदा असेच होते. दुखावते कुणी दूरचे, उंचावरचे, ज्याच्यापुढे आपले काही चालत नाही. आणि आपण दार लावतो ते जवळच्या माणसाच्या तोंडावर, कारण तेवढेच आपल्या हातात असते. ऑफिसात साहेब बोलला, की घरी बायकोशी अबोला धरतो, तसेच हे.

मग उपाय काय? पाऊस आला, की आपण छत्री डोक्यावर धरतो, ढगाजवळ नेत नाही. डोळ्यांच्या जितके जवळ, तितके लहान झाड पुरते. बाकापासून पाच-सहा फुटांवर दहा फूट उंचीचे दाट झाड असले, तर चौथा मजला दिसेनासा होतो. म्हणजे अंगणाच्या कडेला उंच तटबंदीची गरज नाही. बसणाऱ्या माणसाजवळ एक लहानसे झाड पुरे. ज्याला आडोसा हवा त्याला तो मिळतो, आणि शेजाऱ्याचे ऊन, वारा, बोलणे-चालणे अडत नाही.

आता कोणते झाड? इथे नर्सरीवाल्याच्या कोनोकार्पसचा विचार करू. ते भराभर वाढते, बारा महिने हिरवे राहते, गुरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. पण गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याच्या परागकणांनी सर्दी, खोकला, दमा, अॅलर्जी बळावते आणि त्याची मुळे जमिनीखालच्या केबल, नळ, गटारे यांत शिरतात, ही कारणे सरकारने दिली. म्हणजे आडोसा आपला आणि खोकला शेजाऱ्याचा! असा आडोसा घेण्याआधी दोनदा विचार करावा.

यावर कुणी म्हणेल, "फादर, म्हणजे परदेशी झाड वाईट आणि देशी चांगले, असेच ना?" इथे थोडे जपून बोलायला हवे. काजू, पेरू, पपई, अननस, मिरची ही सगळी अमेरिका खंडातून आलेली आहेत, बहुतेक पोर्तुगीजांच्या काळात. त्यांना आज आपल्या स्वयंपाकघरात परके कोण म्हणेल? आपल्या वाड्यांच्या कुंपणाला असलेला गिरिपुष्पही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'सेपियम' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कुंपणांचा' असा आहे. शिवाय 'परके' हा शब्द आपल्या समाजालाही कधी कधी ऐकावा लागला आहे, त्यामुळे तो आम्ही झाडालासुद्धा जपूनच लावतो. देशीपण हा रक्ताचा मोठेपणा नव्हे. देशी झाड म्हणजे ज्याचे इथल्या मातीशी, पावसाशी, फुलपाखरांशी, पाखरांशी फार जुने नाते आहे असे झाड. हजारो वर्षांच्या शेजारात कोण कुणाचे पान खाणार, कोण कुणाचे बी नेणार, हे ठरून गेलेले असते. नव्या झाडाला असे नाते जोडायला फार काळ लागतो. म्हणून एकच झाड लावायला जागा असेल, तर आधीच शेजारधर्म जाणणारे झाड निवडावे, एवढेच आमचे म्हणणे.

अशी लहान झाडे आपल्या कोकणपट्टीत पुष्कळ आहेत. कुंती घ्या, काही जण तिला कामिनी म्हणतात. दहा-बारा फुटांची, बारमाही हिरवी, दाट. पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचा वास रात्रभर अंगणात राहतो, आणि लाल फळे बुलबुल खातात. अंजनी घ्या. माथेरान-महाबळेश्वरला गेलेल्यांनी तिच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी मढलेल्या पाहिल्या असतील. ती चिवट आहे, सदाहरित आहे, पण वाढते अगदी सावकाश. सीतेचा अशोक सावलीत खूश असतो. निर्गुडीची फांदी खोचली तरी लागते, वर्ष-दोन वर्षांत डोक्याइतकी होते, आणि तिचा पाला शेकायला आजीच्या गुडघ्यांना उपयोगी पडतो. करवंदाची जाळी कुंपणाला उत्तम, मात्र मुले खेळतात तिथे काटे नकोत. आणि आपले कोकम: खाली झुकलेल्या फांद्या, दाट पाने, जणू देवाने मुद्दाम केलेला पडदाच.

आम्ही जोडप्याला प्रथम कुंतीच सुचवली. पण त्याआधी काकींना विचारून या, असे सांगितले. ते विचारायला गेले तेव्हा कळले, की काकींच्या घरामागे लिंबाची चार झाडे आहेत आणि त्या लिंबांवर त्यांचा थोडाफार घरखर्च चालतो. कुंती ही लिंबाच्याच कुळातली. लिंबावर पडणारी सायला नावाची बारीक कीड कुंतीवर आनंदाने पोसली जाते आणि तिथून लिंबावर जाते. तिच्यामुळे लिंबाचा घातक रोगही पसरतो. झाड देशी, सुंदर, सुगंधी, आणि तरीही या एका जागी अयोग्य! पुस्तकात पाहून ही गोष्ट कळली नसती. ती कुंपण ओलांडून विचारल्यावर कळली. नीतिशास्त्रात आम्ही शिकलो होतो, की चांगले काय याचे सामान्य नियम असतात, पण या ठिकाणी, या माणसांसाठी चांगले काय, ते विवेकाने ठरवावे लागते. त्या विवेकाचा पहिला धडा काकींच्या लिंबाखाली मिळाला.

शेवटी कोकम ठरले. बियांचे रोप लावले तर ते नर निघण्याचा संभव असतो, मग फळ नाही; म्हणून कलम आणायचे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही जात दिलेली आहे, तशी कलमे चांगल्या नर्सरीत मिळतात. कोकमाला आपली वाडीची ओलसर सावली मानवते. पण ते सावकाश वाढते, म्हणून त्याच्या बाजूला दोन निर्गुड्या लावायच्या; कोकम मोठे होईपर्यंत त्या आडोसा देतील आणि मग छाटून टाकता येतील. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, की खड्डा भरायचा. आणि कुंपण? ते आहे तसेच राहील, अडुळशाचे, पलीकडचे माणूस दिसेल आणि हाक ऐकू जाईल इतके.

जोडप्याला फळांविषयीही आम्ही एक गोष्ट सांगितली. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालमत्तेविषयी लिहिताना एक भेद केला आहे: वस्तू मिळवणे आणि सांभाळणे हे माणसाने स्वतःचे म्हणून करावे, पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे समजून गरजवंताला सहज द्यावी. जुन्या करारात तर शेताच्या कडेचे पीक कापू नये, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावे, अशी आज्ञा आहे. म्हणजे आपल्या जमिनीची कड ही पुरती आपली नसतेच. कोकमाचे झाड तुमचे, त्याला पाणी तुम्ही घाला, आडोसा तुम्ही घ्या. पण मे महिन्यात त्याची एक परडी काकींकडे जाऊ द्या, आणि जमल्यास आमसुलाची एक पुडी त्या चौथ्या मजल्यावरही. नजर ज्यांची खुपते त्यांचे नाव-गाव कळले, की ती नजर पुष्कळ कमी खुपते.

पत्रा एका दिवसात उभा राहतो. झाडाला तीन-चार पावसाळे लागतात. लोकांना ही झाडाची उणीव वाटते, आम्हांला तो त्याचा गुण वाटतो. त्या तीन-चार वर्षांत तुम्हांला शेजाऱ्याबरोबर थोडे उघड्यावर राहावे लागते, बोलावे लागते, काही गोष्टी सोसाव्या लागतात. आणि झाड पूर्ण वाढले तरी ते पूर्ण बंद होत नाही. पानांतून वारा येतो, हाक येते, संध्याकाळी पलीकडचा दिवा लुकलुकताना दिसतो. माणसाला इतकाच आडोसा पुरेसा असतो. याहून जास्त बंदोबस्त केला, तर एक दिवस आपणही विहिरीपाशी पडलेले असू आणि कुणाला कळणार नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात नथनेल प्रभूकडे येतो तेव्हा प्रभू त्याला सांगतो, की फिलिपाने बोलावण्याआधी अंजिराच्या झाडाखाली मी तुला पाहिले होते. नथनेल झाडाखाली काय करत होता ते शुभवर्तमान सांगत नाही, आणि प्रभूही ते चारचौघांत बोलत नाही. त्याने पाहिले, ओळखले, आणि त्याचा एकांत राखला. शेजाऱ्याकडे पाहण्याची ही रीत आपल्यालाही शिकता येईल. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी ती खिडकीत उभे असताना आठवावी, आणि बैठ्या घरात राहणाऱ्यांनी कुंपण घालताना.

येत्या पावसाळ्यात तुमच्यापैकी कुणी कुंपण, भिंत किंवा झाड लावणार असाल, तर एक करा. खड्डा खणण्यापूर्वी पलीकडे जा, शेजाऱ्याच्या ओट्यावर पाच मिनिटे बसा आणि तिथून आपल्या घराकडे पाहा. तिथून जे दिसेल ते तुम्हांला चालणार असेल, तर खुशाल लावा.

आमच्या धर्मगुरुनिवासाच्या व्हरांड्यापुढे आम्ही या जूनमध्ये दोन अंजनी लावणार आहोत. ती मोठी होईतो कदाचित आमची बदली झालेली असेल. व्हरांड्यातला दिवा मात्र रस्त्यावरून दिसत राहील, अशा बेतानेच जागा आखली आहे.

प्रभूच्या प्रेमात आपले,
प्रमुख धर्मगुरू